कार्लोस डेल्गाडो: 473 होमरन आणि मतं फक्त 21

तुम्ही विचारलंय की टोरोंटो ब्लू जेजचा बेसबॉलपटू कार्लोस डेल्गाडो, 473 होमरन मारलेला माणूस, हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, मतदानात पहिल्याच वर्षी बाद कसा होऊ शकतो, आणि डेल्गाडोची केस खरंच दमदार आहे की आम्हा टोरोंटोवाल्यांचं प्रेम बोलतंय. प्रेम आहेच, ते कशाला लपवू. पण मी इथल्या पोरांच्या लीगमध्ये बॅटिंग शिकवतो आणि वीकेंडला स्कोअरशीट भरतो, त्यामुळे आकड्यांशी भांडायची सवय आहे, आणि माझं मत असं की डेल्गाडोला कुणी नाकारलं असं म्हणणंच चूक आहे. नाकारायला आधी चर्चा व्हावी लागते, आणि त्याच्यावर नीट चर्चा झालीच नाही, ती सुरू झाली थेट डिसेंबर 2025 मध्ये, म्हणजे त्याने खेळ सोडल्याला चौदा वर्षं उलटून गेल्यावर.

ज्यांना फक्त क्रिकेट कळतं त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी आधी, नाहीतर पुढचे आकडे डोक्यावरून जातील. होमरन म्हणजे क्रिकेटच्या सिक्ससारखा, बॉल भिंतीपलीकडे. डबल म्हणजे मारून दुसऱ्या बेसपर्यंत पोचणं. आरबीआय म्हणजे तुमच्या बॅटिंगमुळे टीमच्या किती धावा आल्या. वॉक म्हणजे पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार बॉल स्ट्राइक झोनच्या (मारता येण्यासारख्या जागेच्या) बाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो, हे ऐकायला फालतू वाटतं पण चांगल्या आणि महान बॅटरमधला फरक बऱ्याचदा इथेच असतो. आणि ओपीएस प्लस हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा वाद त्यावर फिरतो. बॅटर बेसवर किती वेळा पोचतो आणि किती जोरात मारतो हे एकत्र करून, ग्राउंड कसं होतं आणि त्या वर्षी सगळे किती धावा काढत होते याचा हिशोब लावून हा काढतात. 100 म्हणजे त्या वर्षीचा सरासरी बॅटर. 138 म्हणजे सरासरीच्या 38 टक्के वर. डेल्गाडोचा पूर्ण करिअरचा आकडा 138 आहे.

आता हा 138 किती मोठा? केन ग्रिफी ज्युनियरचा 136 आहे. व्लादिमीर गरेरो, म्हणजे थोरला, त्याचा 140. डेव्हिड ऑर्टीझचा 141. फ्रेड मॅकग्रिफचा 134. हे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ग्रिफी सेंटर फील्डला खेळायचा, त्याची फील्डिंग वेगळ्या लेव्हलची होती, त्यामुळे तो डेल्गाडोपेक्षा मोठा खेळाडू यात वादच नाही. पण नुसती बॅट हातात घेऊन उभं राहिल्यावर कोण किती धोकादायक, एवढाच प्रश्न असेल तर डेल्गाडो ह्या लोकांच्याच रांगेत उभा आहे, मागच्या रांगेत नाही.

मूळचा तो पोर्तो रिकोच्या आग्वादियाचा, जन्म 1972. ब्लू जेजने त्याला 1988 मध्ये सोळाव्या वर्षी साइन केलं ते कॅचर म्हणून. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, त्याने नुसता धुमाकूळ घातला, 1992 मध्ये डनिडनला 30 होमरन आणि 100 आरबीआय, पुढच्या वर्षी नॉक्सव्हिलला 25 आणि 102, दोन्ही वर्षी त्या-त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 1 ऑक्टोबर 1993 ला मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. टायमिंग बघा कसं, त्याच महिन्यात ब्लू जेज सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकले, आणि त्यानंतर टीम प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) गेली ती डायरेक्ट 2015 मध्ये. म्हणजे डेल्गाडोचं टोरोंटोतलं सगळं करिअर ह्या दुष्काळात बरोबर मधोमध बसतं. समोर एकाच डिव्हिजनमध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि बोस्टन, आणि तेव्हा वाइल्ड कार्डची, म्हणजे डिव्हिजन न जिंकता प्लेऑफला जायची, जागा एकच असायची.

1994 ला त्याला लेफ्ट फील्डला उभं केलं, पहिल्याच महिन्यात आठ होमरन मारले आणि मग पिचर लोकांनी त्याला वाचलं, ॲव्हरेज (मारून बेस गाठण्याचं प्रमाण) घसरलं, परत मायनरला पाठवलं. 1995 पण वाया. पहिल्या बेसवर जॉन ओलेरुड होता, तोही उत्तम बॅटर, त्याला 1996 च्या शेवटी न्यूयॉर्क मेट्सकडे पाठवलं तेव्हा कुठे जागा रिकामी झाली. तोपर्यंत डेल्गाडो चोवीस वर्षांचा. हॉल ऑफ फेमच्या हिशोबात ही सुरुवातीची दोन-अडीच वर्षं महागात पडतात, कारण शेवटी 500 होमरनला 27 कमी पडले ना, ते 27 इथेही मिळाले असते असं मला नेहमी वाटतं.

मग 1997 ते 2006. दहा सीझन, प्रत्येक सीझनला किमान 30 होमरन, एकही वर्ष गॅप नाही. 30, 38, 44, 41, 39, 33, 42, 32, 33, 38. ज्याने कधी लीगमध्ये खेळलंय त्याला कळेल की ह्यात होमरनपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रोज मैदानात हजर राहणं. पहिला बेस सोपा आहे असं लोक म्हणतात, पण सीझनला 162 गेम असतात, विश्रांतीचा दिवस क्वचित, रात्री विमान आणि दुसऱ्या दिवशी परत गेम. 2000 मध्ये हा माणूस सगळेच्या सगळे 162 गेम खेळला.

आणि 2000 बद्दल थोडं जास्त बोलायला हवं. त्या वर्षी ॲव्हरेज 0.344, ऑन-बेस 0.470, स्लगिंग (किती जोरात मारतो त्याचा आकडा) 0.664. होमरन 41, डबल 57, आरबीआय 137, वॉक 123. ओपीएस प्लस 181. ऑन-बेस 0.470 म्हणजे जवळपास निम्म्या वेळा तो आउट न होता बेसवर पोचत होता, आणि पोचत नव्हता नुसता, 57 डबल अधिक 41 होमरन, म्हणजे जवळजवळ शंभर वेळा बॉल भिंतीला नाहीतर भिंतीपलीकडे. मुलांना मी हे वर्ष दाखवतो ते होमरनसाठी नाही, डबलसाठी दाखवतो. जो नुसता ओढून मारतो त्याच्या खात्यात 57 डबल जमा होत नाहीत. बाहेरचा बॉल असेल तर तो लेफ्ट-सेंटरच्या गॅपमध्ये जायला पाहिजे, म्हणजे डावखुऱ्या बॅटरने उलट्या बाजूला, आणि त्या वर्षी तो ते करत होता. पुढे पुढे टीम त्याच्यासाठी शिफ्ट लावायला लागल्या, तीन-तीन इनफिल्डर उजव्या बाजूला, आणि त्याचं ॲव्हरेज त्यामुळे खाली आलं हे खरंय, पण त्या एका वर्षात त्याच्याकडे प्रत्येक बॉलला उत्तर होतं.

त्याची वही हा अजून एक विषय. प्रत्येक बॅटिंगनंतर डगआउटमध्ये येऊन वही उघडायचा आणि लिहायचा, कुठला पिचर, कुठला बॉल, काउंट काय होता, शेवटी काय झालं. टीव्हीवर कॅमेरा त्याच्यावर गेला की हमखास हेच दिसायचं. आज प्रत्येक टीमकडे टॅबलेट आहे आणि मागे व्हिडिओवाल्यांची फौज आहे, तेव्हा हा स्वतःच्या हाताने डेटाबेस तयार करत होता. आमच्या पोरांना वही आणायला सांगितलं तर एक-दोन जणच आणतात, बाकीचे म्हणतात लक्षात राहतं. नाही राहत.

25 सप्टेंबर 2003, ब्लू जेजचं घरचं मैदान स्कायडोम, समोर टॅम्पा बे. सर्दी-तापाने बेजार होता त्या दिवशी. चार वेळा बॅटिंगला आला, चार होमरन. पहिला जो मारला तो त्याच्या करिअरचा 300 वा होता. टीमच्या दहा धावांपैकी सहा त्याच्या बॅटमुळे आल्या आणि गेम 10-8 ने जिंकला. एका गेममध्ये चार होमरन हे मेजर लीगच्या इतिहासात तोपर्यंत फक्त चौदा जणांनी केलं होतं, आणि त्या चौदात त्याच्याच टोरोंटोचा जुना साथीदार शॉन ग्रीन होता, आदल्याच वर्षी डॉजर्सकडून. तुलनेला सांगतो, एका पिचरने परफेक्ट गेम टाकणं, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देणं, हे चार होमरनपेक्षा जास्त वेळा झालेलं आहे. पण टोरोंटो प्लेऑफच्या बाहेर, सीझन संपायला तीन-चार दिवस बाकी, आणि समोर टॅम्पा म्हणजे शेवटच्या नंबरची टीम. अमेरिकेत ती बातमी किती दिवस टिकली असेल सांगा. हाच गेम फेनवेला बोस्टनच्या शर्टमध्ये झाला असता तर आजही दर सप्टेंबरला टीव्हीवर लागला असता.

त्याच वर्षी, 2003 ला, 42 होमरन आणि 145 आरबीआय. आरबीआय मेजर लीगचे दोन्ही भाग, अमेरिकन आणि नॅशनल लीग, धरून सगळ्यात जास्त. एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, ह्या मतदानात दुसरा आला, ॲलेक्स रॉड्रिगेझच्या मागे, 242 विरुद्ध 213 गुण. रॉड्रिगेझची टेक्सास टीम त्या वर्षी डिव्हिजनमध्ये तळाला होती, आणि 2009 मध्ये रॉड्रिगेझने स्वतः तोंडाने कबूल केलं की 2001 ते 2003 टेक्सासला असताना मी बंदी असलेली औषधं घेत होतो. आता मागे जा 2000 ला. डेल्गाडो एमव्हीपीत चौथा, पहिला जेसन जिआंबी. जिआंबीने ग्रँड ज्युरीसमोर दिलेली औषधांची कबुली पुढे पेपरात आली. बेसबॉलमधल्या ह्या औषधांवरचा मिचेल रिपोर्ट 2007 मध्ये आला, त्यात जिआंबीचं नाव होतं, डेल्गाडोचं नव्हतं. माझ्या मते केसचा गाभा इथे आहे, आणि लोक तो सोडून नुसतं 473, 473 करत बसतात.

कारण असं बघा. त्याच्या मोठ्या वर्षांत ॲव्हरेज टीम गेममागे पाच-सव्वापाच धावा काढत होती, 2000 मध्ये अमेरिकन लीगमध्ये 5.3 च्या आसपास. मॅकग्वायर, सोसा आणि बॉन्ड्सनी वर्षाला 63, 66, 70, 73 होमरन असे आकडे टाकून ठेवले होते. त्या गर्दीत वर्षाला 38-40 होमरन मारणारा माणूस कुणाच्या डोळ्यात भरेल? ऑल-स्टार, म्हणजे सीझनमधल्या निवडक खेळाडूंच्या गेमसाठी निवड, दोनदाच झाला, 2000 आणि 2003. पहिल्या बेसवर त्याच लीगमध्ये जिआंबी, टोमी, पाल्मेरो, कधी मधे फ्रँक थॉमस, मो व्हॉन. म्हणजे त्याला तेव्हा दुसऱ्यांच्या फुगलेल्या आकड्यांनी झाकलं. आणि नंतर, मतदानाच्या वेळी, लोक म्हणाले त्या काळात सगळ्यांचेच आकडे फुगलेले होते, 473 ला काय एवढं. म्हणजे दोन्हीकडून मार. ओपीएस प्लस 138 हा आकडा त्या फुगवट्याचा हिशोब आधीच लावून मग 138 येतो, हे पुन्हा एकदा सांगतो कारण हा मुद्दा वादात दर वेळी हरवतो.

मतदानाचं गणित. हॉल ऑफ फेममध्ये जायला बेसबॉल रायटर्सची, म्हणजे पत्रकारांची, 75 टक्के मतं लागतात, आणि 5 टक्क्यांच्या खाली राहिलात तर पुढच्या वर्षी यादीतच नाही. एक रायटर जास्तीत जास्त दहा नावांना मत देऊ शकतो. जानेवारी 2015 चा निकाल, 549 मतपत्रिका, डेल्गाडोला 21 मतं. 3.8 टक्के. 28 मिळाली असती तर यादीत टिकला असता, म्हणजे सात मतं कमी पडली.

आता त्या वर्षीच्या यादीत कोण कोण होतं ते बघा म्हणजे कळेल. रँडी जॉन्सन, पेड्रो मार्टिनेझ, जॉन स्मोल्ट्झ, क्रेग बिजिओ, हे चौघे निवडून आले. शिवाय पियाझा, बॅगवेल, रेन्स, मुसिना, एडगर मार्टिनेझ, लॅरी वॉकर, ट्रामेल, मॅकग्रिफ, ली स्मिथ, जेफ केंट, हे सगळे नंतर या ना त्या मार्गाने हॉलमध्ये गेले. चौदा झाले. वर बॉन्ड्स, क्लेमेन्स, शिलिंग, सोसा, मॅकग्वायर, शेफील्ड. दहाच नावं लिहायची आहेत आणि लायक माणसं पंधरा-वीस. रायटरच्या जागी बसून बघा, ज्याला आत जायचा चान्स नाही त्याच्यावर मत कोण फुकट घालवेल, तो म्हणेल पुढच्या वर्षी बघू. संध्याकाळी दादरला विरार लोकल पकडताना जी गत होते तीच, तुम्ही लायक आहात की नाही हा प्रश्नच येत नाही, दारात जागा नाही. फरक इतकाच की लोकल पाच मिनिटांनी दुसरी येते. डेल्गाडोच्या बाबतीत पुढचं वर्ष आलंच नाही. हाच माणूस 2015 ऐवजी 2021 मध्ये यादीत आला असता, जेव्हा रायटर्सनी एकालाही निवडलं नाही, तर 25-30 टक्क्यांनी सुरुवात होऊन दहा वर्षं चर्चा चालली असती असं मला वाटतं. मॅकग्रिफ दहाही वर्षं यादीत राहिला म्हणून लोकांच्या लक्षात राहिला, आणि 2022 च्या डिसेंबरला कमिटीने त्याला सोळापैकी सोळा मतांनी घेतलं.

मॅकग्रिफ आणि डेल्गाडो ही तुलना खरंच शेजारी-शेजारी मांडण्यासारखी आहे, दोघेही डावखुरे, दोघेही पहिल्या बेसवरचे, दोघेही टोरोंटोत मोठे झालेले. मॅकग्रिफ 493 होमरन, 1550 आरबीआय, स्लगिंग 0.509. डेल्गाडो 473, 1512, स्लगिंग 0.546. मॅकग्रिफ जवळजवळ सव्वाचारशे गेम जास्त खेळला आणि वीस होमरन जास्त मारले. 500 ला सात कमी पडले आणि 1994 चा संप नसता तर झाले असते, ही त्याची सहानुभूतीची गोष्ट, ती बरोबरच आहे, पण मग डेल्गाडोला कंबरेने दगा दिला (ते पुढे सांगतो) ती पण गोष्ट मोजा ना.

विरोधातलं पण सांगायला हवं, नाहीतर मी नुसता फॅन म्हणून बोलतोय असं होईल. वॉर नावाचा आकडा आहे, बॅटिंग, बेस रनिंग, फील्डिंग सगळं धरून माणसाने टीमला किती विजय जास्त मिळवून दिले त्याचा अंदाज. डेल्गाडोचा 44 च्या आसपास आहे. हॉलमधल्या पहिल्या बेसवाल्यांची सरासरी साधारण 65. मॅकग्रिफचा 52-53, ऑर्टीझचा 55. म्हणजे डेल्गाडो खालच्या बाजूला आहे, आणि कारण सरळ आहे, हातमोजा, म्हणजे फील्डिंग. कॅचर म्हणून वाढलेला माणूस, पाय जड, पहिल्या बेसवर बॉल आवाक्यात आला तर पकडायचा, नाही आला तर नाही. पळण्याबद्दल बोलायलाच नको, पूर्ण करिअरमध्ये 14 चोरलेले बेस. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट होणं, 1745 वेळा. आणि करिअर लांबीला कमी, 2035 गेम आणि 2038 हिट. नुसत्या वॉरवर निर्णय घेणारा माणूस त्याला नाही म्हणेल आणि मी त्याला खोटं ठरवणार नाही.

फक्त एवढंच म्हणेन की पहिल्या बेसच्या फील्डिंगचे जे जुने आकडे आहेत ते त्या काळच्या अर्धवट डेटावरून काढलेत. मी स्वतः स्कोअरिंग करतो, पहिल्या बेसवाल्याने जमिनीला लागून आलेला वाकडा थ्रो उचलून शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरची) चूक वाचवली, ते शीटवर कुठेच दिसत नाही. डेल्गाडो त्यात फार भारी होता असं मी म्हणत नाही. पण फील्डिंगपायी त्याचे जेवढे विजय कापलेत तेवढ्यावर मी डोळे झाकून सही करणार नाही. आणि हॅरोल्ड बेन्स हॉलमध्ये आहे, वॉर 39 च्या आत, होमरन 384, बहुतेक करिअर डेझिग्नेटेड हिटर म्हणजे हातमोजा घातलाच नाही. तो गेला म्हणून सगळ्यांना न्या असं नाही, ती निवड मला तेव्हाही पटली नव्हती. टोनी पेरेझ बघा त्यापेक्षा, ओपीएस प्लस 122, होमरन 379, पण सिनसिनाटीच्या त्या जबरदस्त टीममध्ये होता, वर्ल्ड सिरीज जिंकला, गेला आत. टीम चांगली मिळणं हा पण नशिबाचा भाग आहे.

डेल्गाडोला चांगली टीम एकदाच मिळाली, 2006 ची मेट्स. मधे 2005 ला फ्लोरिडा मार्लिन्सकडे एक वर्ष काढलं, तिथे 0.301 आणि 33 होमरन, मग मार्लिन्सनी पैसे वाचवायला खेळाडू विकायला काढले आणि हा न्यूयॉर्कला. 2006 ला 38 होमरन, 114 आरबीआय. प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच, वय 34. डॉजर्सविरुद्ध पहिल्याच गेममध्ये पाचपैकी चार हिट आणि त्यात एक होमरन. कार्डिनल्सविरुद्धच्या सिरीजमध्ये तीन होमरन, नऊ आरबीआय. एकूण दहा गेममध्ये ॲव्हरेज 0.351, चार होमरन, अकरा आरबीआय. मोठ्या गेममध्ये दिसला नाही असं कुणी म्हणालं तर हे दाखवा, ज्याला संधीच दहा गेमची मिळाली त्याने त्या दहात हे केलंय. सातव्या गेमचा शेवट बऱ्याच जणांना आठवत असेल, नवव्या इनिंगमध्ये बेस भरलेले, दोन आउट, कार्लोस बेल्त्रान वेनराइटच्या कर्व्हबॉलवर बॅट न फिरवता स्ट्राइकआउट झाला. पुढचा नंबर डेल्गाडोचा होता, ऑन-डेकला उभा होता.

2007 मध्यम गेलं, 24 होमरन. 2008 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे पेपर त्याला संपला म्हणत होते, घरच्या मैदानावर त्याला बूइंग व्हायचं. मग 27 जूनला यांकी स्टेडियममध्ये एकाच गेममध्ये नऊ आरबीआय, एक ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन), एक तीन धावांचा होमरन आणि एक डबल. मेट्सचा तो तेव्हा एका गेमचा रेकॉर्ड ठरला. तिथून पुढे पेटला तो सीझन संपेपर्यंत, शेवटी 38 आणि 115, एमव्हीपी मतदानात नववा, वय 36. पुढच्या वर्षी मे 2009 ला कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं तेव्हा 26 गेममध्ये 0.298 वर खेळत होता. त्यानंतर मेजर लीगमध्ये परत दिसलाच नाही. बोस्टनने 2010 ला मायनरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, जमलं नाही, एप्रिल 2011 ला थांबला. स्विंगमध्ये कंबर काय करते हे बॅटिंग शिकवणाऱ्याला विचारा. हाताने कुणी होमरन मारत नाही, पुढचा पाय रोवून कंबर उघडते आणि बॅट तिच्या मागून ओढली जाते, आणि डेल्गाडोचा स्विंग तर सगळाच त्या झटक्यावर उभा होता. खांदा दुखला असता तर कदाचित 27 होमरन रखडत काढले असते त्याने, कंबर गेल्यावर काहीच उरत नाही.

2004 बद्दल पण बोलायला पाहिजे, कारण लोक म्हणतात राजकारणामुळे त्याची मतं गेली. विएकेस नावाचं पोर्तो रिकोचं छोटं बेट, तिथे अमेरिकन नौदलाने जवळपास साठ वर्षं बॉम्ब टाकायचा सराव केला. 1999 मध्ये भरकटलेल्या बॉम्बने तिथला एक स्थानिक गार्ड मेला आणि आंदोलन पेटलं. डेल्गाडो त्यात सुरुवातीपासून होता, पैसे दिले, 2001 ला पोर्तो रिकोच्या इतर नामवंतांबरोबर अमेरिकन पेपरांत जाहिरात छापली. 2003 ला नौदल निघून गेलं. त्यानंतर इराक युद्ध त्याला चुकीचं वाटलं म्हणून 2004 च्या सीझनमध्ये सातव्या इनिंगला 'गॉड ब्लेस अमेरिका' वाजायचं तेव्हा तो उभा राहण्याऐवजी डगआउटमध्येच थांबायचा. ओरडाआरडा नाही, भाषण नाही. कुणी विचारलं तर सांगायचा. यांकी स्टेडियममध्ये प्रेक्षकांनी त्याला चांगल्याच शिव्या घातल्या. मेट्सकडे गेल्यावर टीमचा नियम पाळून उभा राहिला, त्यावरही दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली. त्याचा आदर्श पोर्तो रिकोचाच जुना महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे, मेट्समध्ये त्याने मुद्दाम क्लेमेंटेचा 21 नंबर घेतला, टोरोंटोत 25 होता. आणि समाजकार्यासाठी दिला जाणारा क्लेमेंटेच्याच नावाचा पुरस्कार 2006 ला त्याला मिळाला.

यामुळे मतं गेली का? मला नाही वाटत, म्हणजे दोन-चार गेली असतील, पण 2015 ची ती यादी बघितल्यावर राजकारणाची गरजच उरत नाही, गर्दीनेच काम केलं. हा भाग मी सांगतो तो वेगळ्या कारणाने. हॉलच्या नियमांमध्ये चारित्र्य आणि सचोटी हे शब्द लिहिलेले आहेत, आणि औषधांचा आरोप असलेल्या बॉन्ड्स-क्लेमेन्सच्या वेळी तेच शब्द दाखवून दार बंद केलं गेलं. ठीक आहे, मग दुसऱ्या बाजूला पण ते मोजले पाहिजेत ना. औषधांचा डाग नाही, स्वतःच्या पैशांनी गावातल्या पोरांसाठी काम, आणि पटत नाही ते सभ्यपणे सांगण्याची तयारी. हे कलम फक्त दार लावायलाच वापरायचं असेल तर तसं सांगा तरी.

आता सध्याची स्थिती. रायटर्सच्या यादीतून गेलेल्यांसाठी सोळा जणांची कमिटी असते, जुने हॉल ऑफ फेमर, टीमचे अधिकारी, पत्रकार वगैरे. बारा मतं लागतात, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन नावं. डिसेंबर 2025 ला आठ नावं होती. जेफ केंटला 14 मतं, तो गेला. दुसऱ्या नंबरवर कोण? डेल्गाडो, 9 मतं. मॅटिंगली आणि डेल मर्फीला सहा-सहा, आणि बॉन्ड्स, क्लेमेन्स, शेफील्ड, वेलेन्झुएला यांना प्रत्येकी पाचच्याही खाली. अकरा वर्षांपूर्वी ज्याला शंभरातल्या चारांनीही मत दिलं नव्हतं त्याला सोळापैकी नऊ जणांनी दिलं, तेही तीनच नावं लिहायची मुभा असताना. बंद खोलीत बसून त्याच्या करिअरवर पहिल्यांदाच कुणीतरी तासभर बोललं आणि निम्म्याहून जास्त लोक पटले.

पुढची संधी डिसेंबर 2028. नव्या नियमाप्रमाणे पाचपेक्षा कमी मतं मिळालेले त्या वेळी यादीत नसतील, म्हणजे बॉन्ड्स आणि क्लेमेन्स दोघेही नाहीत, आणि ज्या चर्चेत सगळा वेळ स्टेरॉईडवर जातो ती चर्चा त्या खोलीत कमी होईल. डेल्गाडोला तीन मतं हवीयेत. नवीन नावं कोण येतात त्यावर थोडं अवलंबून आहे, पण मला विचाराल तर मी पैज लावायला तयार आहे. तोपर्यंत कुणाशी वाद घालायचा असेल तर 473 वरून सुरुवात करू नका, समोरचा लगेच म्हणतो 500 नाहीत. 2000 चं ऑन-बेस, 138 आणि 2003 चा एमव्हीपी कुणाकडे गेला, ह्या तीन गोष्टी पुरतात.